पडवीतली बँक

आमच्या घरी बँक आली ती आईला न विचारता. नाना एके दिवशी डहाणूहून आले, पागोट्यासारखा बांधलेला पंचा सोडून खुंटीला लावला, झोपाळ्यावर बसून दोन झोके घेतले आणि म्हणाले, "पडवी आणि पुढची खोली मी सरकारी बँकेला भाड्याने दिली." आई तेव्हा सुक्या बोंबलांची डोकी मोडत होती. तिला वाटलं, भाड्याने म्हणजे चार-दोन दिवसांसाठी असेल, मोजणीवाले येतात तसं. "जेवायला किती माणसं?" तिने विचारलं. नाना म्हणाले, "अगं, कायमची." आईच्या हातातला बोंबील तसाच राहिला. मग तिने तो मोडला, जरा जास्तच जोराने.

आमचं गाव वाणगाव स्टेशनपासून बैलगाडीने तासाभरावर, गंजाडकडे जाणाऱ्या वाटेच्या अलीकडे. घरामागे चिकूची वाडी, वाडीपलीकडे भातखाचरं. घराच्या पुढे रुंद पडवी, पडवीत सागवानी झोपाळा, त्याला पितळी कड्या. झोपाळ्यावर नाना. हे चित्र इतकं कायमचं होतं की रस्त्यावरून जाणारे बैलसुद्धा आमच्या घरापाशी आले की आपोआप हळू चालायचे. गाडीवान आणि नाना यांचं बोलणं होईपर्यंत थांबावं लागणार, हे त्यांना पाठ होतं. नानांना माणसं लागत. कोण कुठे चाललंय, कशाला चाललंय, पिशवीत काय आहे, मुलीचं ठरलं का, म्हैस कितीला दिली, हे सगळं त्यांना कळायलाच हवं असायचं. त्यात कपट तिळभर नव्हतं. ऐकून झालं की ते खूश होत आणि समोरच्याला चिकू देत. चिकू घेणारा मात्र नेहमीच खूश असायचा असं नाही. ते मला पुढे कळलं.

बँकेच्या आधी बँकेची तिजोरी आली. वाणगावला मालगाडीतून उतरली, बैलगाडीवर चढली आणि गाडीचा आस मोडून आमच्या फाटकाबाहेर दुपारभर उन्हात बसून राहिली. वाडीत काम करणारी माणसं बोलावली, ताडाचे ओंडके खाली घालून तिला ढकलत पडवीपर्यंत आणली, तेव्हा कळलं की ती दारातून आत जात नाही. नाना म्हणाले, दाराची चौकट काढू. चौकट काढली. तरी जाईना. मग भिंतीचा कोपरा फोडला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे पाहत होती. ती इतकंच म्हणाली, "घर तेवढं राहू द्या." तिजोरी एकदाची जागेवर बसली आणि आठवड्याभरात शेणाने सारवलेल्या जमिनीत एका बाजूने वीतभर खचली. त्यानंतर तिथे सिमेंटचा कोबा घालण्यात आला. आमच्या गावातली ती पहिली सिमेंटची जमीन. शेजारच्या बायका ती बघायला यायच्या. तिजोरीकडे कोणी बघायचं नाही, सगळ्या कोब्यावर अनवाणी पाय फिरवून बघायच्या.

तिजोरीपाठोपाठ तीन माणसं आली. मॅनेजर दातार साहेब वाईकडचे, तिशीच्या आतले, हडकुळे, आणि बोलायचे ते छापल्यासारखं. कॅशियर देसाई उंबरगावचे. त्यांची मराठी गुजरातीच्या खांद्यावर हात टाकून चालायची. आणि जगदाळे हवालदार, मिलिटरीतून निवृत्त झालेले, बंदुकीसह. जगदाळेंच्या मिशा भारी होत्या, पण त्यांना कोंबड्यांची भीती वाटे. आमची कोंबडी पडवीत चढली की ते बंदूक छातीशी धरून भिंतीला टेकत आणि मला हाक मारत, "शालूताई, ह्यांना न्या की जरा!" मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. स्थळं बघणं चालू होतं आणि मला कोंबड्या हाकण्यापलीकडे काही काम नव्हतं. बँक आल्याचा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला होता.

घराचे आवाज बदलले. सकाळी आईचं मुसळ आणि देसाईंचा शिक्का एकाच तालात चालायचे. देसाईंकडे काम नव्हतं, पण शिक्का चालू राहावा म्हणून ते जुन्या वर्तमानपत्रावर मारत. दुपारी चुलीवर कोलंबीचं कालवण उकळायला लागलं की वास पुढच्या खोलीत जायचा आणि दातार साहेब खिडकी उघडायचे. थंडीत आईने उकडहंडी लावली, कोनफळं, वालाच्या शेंगा, वांगी सगळं मडक्यात घालून पाल्याने तोंड बांधून, आणि पानावर वाढून तिघांना पाठवली. त्या दिवशी दातार साहेबांनी खिडकी बंद केली. मला आजही कुठे मडक्यातली भाजी मिळाली की आधी त्यांचा चेहरा आठवतो. चष्म्यावर वाफ धरलेली आणि साहेब ती पुसायचं विसरलेले.

सगळं होतं, फक्त गिऱ्हाईक नव्हतं. सुरुवातीला नाना म्हणाले, लोक नवीन गोष्टीला बिचकतात. दातार साहेब गावोगाव सायकलवरून फिरले, शाळेच्या पटांगणात भाषण केलं. "आपली बचत राष्ट्राच्या उभारणीस कारणीभूत होईल," असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. भाताचा हंगाम झाला, वाणगावच्या बाजारात मिरच्या आणि भाज्या आल्या नि गेल्या, गवत कापून त्याच्या गासड्या मुंबईच्या तबेल्यांकडे रवाना झाल्या. म्हणजे गावात पैसा येत होता. पण तो आमच्या पडवीवरून पुढे निघून जायचा. लोक यायचे, फाटकाशी थबकायचे, नाना झोपाळ्यावरून मोठ्याने म्हणायचे, "ये ये! काय, ठेवायला आलास? किती आणलेस?" आणि तो माणूस म्हणायचा, "नाय नाना, ह्या बाजूनं चाललो व्हतो." मग नाना त्याला चिकू द्यायचे.

मुंबईहून एक तपासनीस आले. त्यांनी रिकाम्या वह्या चाळल्या, चहा घेतला आणि जाताना सांगून गेले की होळीपर्यंत असंच राहिलं तर शाखा उचलून चारोटी नाक्यावर न्यायची. तिथे हमरस्ता आहे, ट्रकवाले आहेत. दातार साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांची ही पहिलीच स्वतंत्र शाखा होती. पण त्यांच्याहून जास्त घाबरले नाना. सरकार आपल्या पडवीतून उठून चारोटीला जाणार, हे त्यांना गावजेवणातून उठवल्यासारखं वाटलं. त्यांनी ठरवलं की आता आपणच मदत केली पाहिजे. म्हणून ते सकाळी लवकर झोपाळ्यावर बसू लागले आणि संध्याकाळी उशिरा उठू लागले. रस्त्यावरून कोणी छत्री घेऊन जरी गेलं तरी हाक मारायचे. काही दिवसांत लोक आमच्या घरावरून जाईनासे झाले. खाचराच्या बांधावरून लांबच्या वाटेने जाऊ लागले.

खरं कारण मला सोनीकडून कळलं. सोनी गंजाडच्या वाटेवरच्या पाड्यावर राहायची. आमच्या वाडीत चिकू उतरवायला, पाट्या भरायला वर्षानुवर्षं येणारी, अंगाने काटक, बोलायला तुटक. एके सकाळी ती पदराची गाठ मुठीत धरून पडवीच्या पायरीवर चढली. नाना म्हणाले, "काय गं सोने, बँकेत?" ती तिथल्या तिथे वळली. "नाय. पाट्या कुठं ठेवू तां विचाराया आले." पाट्या कुठे ठेवायच्या हे तिला माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. मी तिच्यामागे विहिरीपर्यंत गेले आणि विचारलं. तिने पोहरा विहिरीत सोडला. मग म्हणाली, "शालू, तुझा बाप वायट नाय. पन त्याला समदा सांगाया लागतां."

मग तिने जे सांगितलं ते मला नवीन नव्हतं, फक्त मी ते कधी त्या बाजूने पाहिलं नव्हतं. पाड्यावरची माणसं आपले थोडेफार पैसे पूर्वीपासून नानांकडेच ठेवत. कुडाच्या घरात ठेवणार कुठे? नानांनी त्यातला पैसा कधी इकडचा तिकडे केला नाही. पण परत मागायला गेलं की ते विचारत, "कशाला हवेत?" सांगितलं की म्हणत, "एवढे कशाला? लुगडं आत्ताच तर घेतलंस." मग उपदेश, मग चिकू, आणि शेवटी निम्मे पैसे. सोनीला एक शेळी घ्यायची होती. नानांनी तिला तीनदा पटवून दिलं होतं की शेळीपेक्षा कोंबड्या बऱ्या. "आता बँक आली," सोनी म्हणाली, "तर थितं पन तोच बसलाय."

मी हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. तांदळाच्या डब्यात हात घालून बराच वेळ नुसती उभी राहिली. त्या डब्यात तांदळाखाली तिचा एक छोटा डबा असायचा, लोणची आणि मिरचीची रोपं विकून साठवलेला. तो तिथे आहे हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त नानांना.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी नाना चिकूच्या हिशेबासाठी डहाणूला शेठकडे गेले. बैलगाडी वळणाआड गेली तशी आई पदर खोचून पडवीत आली. "जगदाळे, बंदूक ठेवा जरा आणि हा झोपाळा काढायला लागा." दातार साहेब उठून उभे राहिले. "अहो वहिनी, करारात झोपाळा..." आई म्हणाली, "साहेब, तुम्हाला चारोटीला जायचंय का?" साहेबांनी कोट काढला आणि एक कडी धरली. तो झोपाळा पाच माणसांनाही जड होता. मागच्या पडवीत, गोठ्याच्या बाजूला, आम्ही तो टांगला. देसाई त्यावर बसून बघत म्हणाले, "वहिनी, हवा तर इथेच सरस छे."

नाना संध्याकाळी आले. पायरी चढून सवयीने मागे न बघता बसायला गेले आणि बरोबर वेळेवर जगदाळेंनी त्यांना धरलं म्हणून वाचले. वर तुळईला नुसते आकडे होते.

"झोपाळा कुठंय?"

"मागे टांगलाय," आई आतून म्हणाली. "तिथे वारा बरा येतो."

"कोणाला विचारून?"

"बँक आणलीत तेव्हा कोणाला विचारलं होतंत?"

दातार साहेब कोऱ्या वहीत काहीतरी लिहू लागले. देसाईंनी वर्तमानपत्रावर शिक्का मारला. नाना आकड्यांकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. ह्या घरात मला बसायला जागा नसेल तर मी जातो तलासरीला, ताईकडे." ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. त्यांना वाटलं आई थांबवील. आईने रातोरात तांदळाच्या भाकऱ्या केल्या, बोंबलाची चटणी केळीच्या पानात बांधली आणि सकाळी ते पुडकं, धुतलेली धोतरं, छत्री सगळं गाडीत नेऊन ठेवलं. नाना गाडीत बसल्यावरही बैल जुंपलेले असताना बराच वेळ काहीबाही विचारत राहिले. विहिरीचा दोर बदलला का, गाईला औषध दिलं का. शेवटी आई म्हणाली, "चारोटीची एसटी चुकेल." मग गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला सांगू, हसूही.

पहिला दिवस कोणी आलं नाही. लोक फाटकाशी येऊन आकडे बघून गेले. दुसऱ्या दिवशी सोनी आली. पायरीवर थांबली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मला विचारलं, "गेला?" मी मान हलवली. ती आत गेली. दातार साहेबांनी तिला खुर्ची दिली, ती त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. साहेबांनी विचार केला आणि फॉर्म घेऊन तेही खाली बसले. त्यांना तिचं बोलणं कळेना, तिला त्यांचं. ते म्हणाले, "आपण ही रक्कम कितीही वेळा काढू शकता." तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "कवाबी मागितले तरी देतील." तिने विचारलं, "कशाला पायजे तां विचारतील?" साहेब म्हणाले, "छे, छे! आम्हाला तो अधिकारच नाही!" मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात याहून चांगलं भाषण त्यांनी कधी केलं नसेल. शाळेच्या पटांगणात जे जमलं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. बाजाराच्या दिवसापर्यंत पाडेच्या पाडे ते वाक्य म्हणत होते: थितं विचारीत नाय.

त्यानंतर जी गर्दी झाली ती आवरायला जगदाळेंनी चुन्याने पायरीपासून खिडकीपर्यंत रेघ मारली आणि लोकांना तिच्यावर मिलिटरीसारखं उभं केलं. मिरचीवाल्या, गवत कापणाऱ्या, वाणगावला भाजी विकणाऱ्या, शेजारच्या वाड्यांतल्या सुना. मी फॉर्म भरत बसायचे. आणि एके दुपारी आई मागच्या दाराने बाहेर पडली, गोठ्याला वळसा घालून रस्त्यावर गेली, चपला घालून, डोक्यावरून पदर घेऊन फाटकातून आत आली आणि रांगेत उभी राहिली. घरातून घरात आली असती तर चार पावलं. पण म्हणाली, "गिऱ्हाइकाने पुढून यावं." तिने किती ठेवले ते मला त्या दिवशी कळलं नाही. तिचा फॉर्म दातार साहेबांनी स्वतः भरला. पुढे मी याच बँकेत नोकरी केली, आयुष्य त्यात काढलं, पण आईच्या खात्याचं पान कधी उघडून पाहिलं नाही. आता ती नाही, आणि ते आकडे मला माहीत नाहीत याचं मला बरंच वाटतं.

त्या पैशाचं पुढे काय झालं हे सगळ्या तालुक्याने पाहिलं. विहिरींवर ऑइल इंजिनं आली. त्यांच्या टुकटुक आवाजाने रहाटाचे बैल आधी बावचळायचे, मग बांधलेल्या जागी रवंथ करू लागले. जिथे पावसाळ्यानंतर जमीन मोकळी पडायची तिथे मिरची आणि वांगी उभी राहिली. वाणगावच्या न्हाव्याने आरसा मोठा घेतला. डहाणूचे शेठ, जे वाडीवाल्यांना "अल्या" म्हणून अरेतुरे करत, ते "आवो, बेसो" म्हणू लागले. कारण आता उचल त्यांच्याकडूनच घ्यायला हवी असं राहिलं नव्हतं. सोनीने शेळी घेतली. ती शेळी आमच्या चिकूची रोपं खायची. नानांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर निघालं.

पण हे सगळं नंतरचं. तेव्हा नाना तलासरीला आत्याच्या ओट्यावर बसले होते. आत्या पुढे सांगायची की त्यांनी तिच्या गल्लीतल्या सगळ्यांची चौकशी दोन दिवसांत संपवली, आणि मग बाजारात जाऊन लोकांना पकडू लागले. तिथेच कोणीतरी त्यांना सांगितलं, "तुमच्या गावच्या बँकेत लय गर्दी असते म्हणं. उभं राहायला जागा नाय." नानांनी विचारलं, "कधीपासून?" त्या भल्या माणसाने सांगितलं, तुम्ही इकडे आलात साधारण तेव्हापासून, आणि ते ऐकून नाना गप्प बसले. आत्या म्हणाली, भावाला गप्प बसलेला तिने त्याआधी एकदाच पाहिला होता, दाढ काढली तेव्हा.

बाजाराचा दिवस होता. उन्हं डोक्यावर. पडवी भरलेली, रांग फाटकापर्यंत. नाना छत्री आणि पिशवी घेऊन गाडीतून उतरले. मागच्या दाराने नाना कधीच येत नसत, ते दार वाडीतल्या माणसांचं, असं त्यांचं मत. ते सरळ पायरी चढू लागले. जगदाळेंना गर्दीत तोंड दिसलं नाही, नुसती छत्री दिसली. "ओ! लायनीत!" त्यांनी गर्जना केली. मी फॉर्मवरून मान वर केली तेव्हा नाना रांगेच्या टोकाशी उभे होते. त्यांच्या पुढे सोनी होती. तिने वळून पाहिलं आणि सवयीने अंग चोरून बाजूला झाली. "नाना, तुमी व्हा पुढं."

नाना तिच्याकडे पाहत राहिले. मग रांगेकडे. सगळे त्यांच्याकडेच बघत होते. "नको," ते म्हणाले. "तुझा नंबर आधी." आणि उभे राहिले. रांग पुढे सरकायची तसे सरकायचे. एवढी माणसं आजूबाजूला आणि त्यांनी कोणाला एक अक्षर विचारलं नाही.

सोनीचं काम झालं, नाना खिडकीशी आले. देसाईंनी मान वर न करता विचारलं, "बोला, काय काम छे?"

"काम काय?" नाना म्हणाले. "मी घरी चाललोय."

पडवीत जे हसू फुटलं ते गोठ्यापर्यंत ऐकू गेलं असणार. दातार साहेब धावत आले, हात जोडले, खुर्ची पुसली. जगदाळे सॅल्यूट करून तसेच थिजले. नाना रागावतील असं वाटलं, पण ते स्वतःच हसू लागले, पोट हलेपर्यंत. "आलोच आहे खिडकीपर्यंत, तर खातं काढून टाका एक," ते म्हणाले. मी फॉर्म घेतला. नाव, गाव, वय लिहिलं. मग दातार साहेब घसा खाकरून म्हणाले, "एक अडचण आहे. जुन्या खातेदाराची ओळख लागते. नियमच आहे." नाना म्हणाले, "मला ओळख? ह्या गावात?" साहेब म्हणाले, "कोणीही चालेल. वहिनींचं खातं आहे की." नानांना ते माहीत नव्हतं. त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. आई चौकटीत उभी होती.

"ओळखतेस ना मला?" नाना म्हणाले.

"कोण आपण?" आई म्हणाली. "घर सोडून गेलेली माणसं मी ओळखत नाही." आणि आत गेली. भांडी वाजली, पण रागाने वाजतात तशी नाही. चहाचं आधण ठेवताना वाजतात तशी.

कोणी पुढे येईना. मग पायरीजवळून सोनी परत आली. "मी वळखतंय नानाला," ती म्हणाली. "लिव." मी लिहिलं आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवलं: या गृहस्थांना मी पुष्कळ वर्षांपासून ओळखते, ते भरवशाचे आहेत. देसाईंनी तिच्या अंगठ्याला शाई लावली. सोनीने अंगठा उचलला आणि कागदावर टेकवायच्या आधी थांबली. नानांकडे पाहिलं, अगदी नीट, पाटीतला चिकू पारखावा तसं. सगळी पडवी तिच्या अंगठ्याकडे बघत होती. नानांनी मान खाली घातली. मला ती वेळ फार मोठी वाटली. मग तिने अंगठा दाबला.

नानांनी श्वास सोडला. लगेच त्यांना राहवेना. "इतका वेळ विचार कसला करत होतीस गं?"

सोनी लुगड्याला अंगठा पुसत पायरी उतरली. "तां कशाला सांगू तुमाला?" ती म्हणाली, आणि बाजाराच्या वाटेला लागली.